इंजिन चालू, गाडी जागीच

पौड सोडून ताम्हिणीकडे निघालं की मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही जुन्या फोर व्हील ड्राइव्ह जीप दिसतात. महिंद्र कंपनीनं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातल्या या गाड्या. अशी गाडी कधीतरी चढावर थांबते. इंजिन उत्तम चालू, गिअरही पडतो. क्लच सोडला तरी गाडी हलत नाही. भोवती जमलेल्यांतला कुणीतरी निकाल देतो, ‘गिअरबॉक्स गेला!’ आणि हजारोंचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो.

मंडळी, एवढी घाई नको. आधी चाकांना मोठे दगड लावा. हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. का, ते पुढे सांगतो.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत साखळीनं जाते. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि शेवटी दोन्ही बाजूंचे एक्सल. ही साखळी कुठं तुटली ते पाना हातात न घेताही बरंचसं कळतं.

मी आधी दांडे पाहतो. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी बहुधा आणखी दोन छोटे दांडे असतात. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा ट्रान्स्फर केसचा हाय किंवा लो गिअर टाकतो. या दोहोंच्या मधे न्यूट्रल. केस झिजलेली असेल तर खड्ड्यातल्या धक्क्यानं हा दांडा न्यूट्रलवर येतो. कधी शेजारी दाटीनं बसलेल्याचा गुडघाच लागलेला असतो! दांडा जागेवर ढकलला की दुरुस्ती संपली.

दांडा ठीक असेल तर पुढची चाकं सोडवा, दगड तसेच राहू द्या, गाडीच्या पुढेमागे कुणी उभं राहू नका. चालकाला पहिला गिअर टाकून क्लच हळूच सोडायला सांगा आणि बाजूला चार पावलांवरून वाकून मागचा प्रॉपेलर शाफ्ट बघा. गाडीखाली मात्र शिरायचं नाही.

शाफ्ट फिरत नसेल तर दोष अलीकडे, क्लच किंवा गिअरबॉक्समध्ये. एखाद्याच गिअरला गाडी चालत नसेल तर गिअरबॉक्स. जळका वास येत असेल, आधीपासून चढावर इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर क्लचप्लेट. प्लेटवर इंजिनाचं तेल झिरपत असलं तर नवी प्लेटही घसरणार, म्हणून तेलाची गळती आधी थांबवून घ्या.

शाफ्ट फिरतोय आणि चाकं स्तब्ध, तर बहुधा मागचा एक्सल तुटलाय, किंवा चाकाच्या हबमधली चावी कातरली गेलीय. डिफरन्शियलचा स्वभावच असा, की ज्या बाजूला अडथळा नाही तिकडेच फिरणं जातं. तुटकी बाजू मोकळी भिरभिरते, धडधाकट चाकाला काही मिळत नाही. काही जीपमध्ये अशा वेळी उभ्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा हलतो, कारण त्याची केबल ट्रान्स्फर केसला जोडलेली असते. (काटा चालू असेल तर, म्हणा!)

आता दगडांची गोष्ट. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. एक्सल तुटला की हा ब्रेक आणि गिअर दोन्ही शाफ्टच धरून ठेवतात आणि गाडी उतारावर खुशाल घरंगळते. पायातला ब्रेक चाकांवर असल्यानं तो मात्र धरतो.

अशा वेळी पुढची चाकं जोडून गाडी हळूहळू घरी नेता येते. पुढे फ्री व्हील हब असतील तर ते खाली उतरून हातानं लॉक करावे लागतात. पण काही जीपमध्ये मागचं चाक एक्सलवरच पेललेलं असतं. तिथं एक्सल तुटला असेल तर चाकच बाहेर येऊ शकतं. अशी गाडी चालवू नका, टेम्पोवर घालून न्या.

गॅरेजमध्ये डिफरन्शियल उघडून आत तुकडे राहिलेत का ते पाहायला सांगा. तेल दुधाळ दिसलं तर ओढ्याचं पाणी आत गेलेलं असतं; ते तेल त्याच दिवशी बदलून घ्यावं.