वल्हांडण ते मंडपांचा सण : बायबलमधील सणांचे कालगणित

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५ रोजी महाराष्ट्रात दसरा होता. त्याच दिवशी जगभरचे यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडक उपवास पाळत होते. त्याआधी २२ सप्टेंबरला सकाळी आपल्याकडे घटस्थापना झाली आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला यहुद्यांचे ५७८६ हे नवे वर्ष सुरू झाले. पुढे ६ ऑक्टोबरच्या रात्री कोजागरीचे दूध आटत असताना मंडपांच्या सणाचीही पहिली रात्र होती. पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीच्या गडावर नवरात्राची गर्दी लोटली होती, त्याच चंद्रकलांवर जेरुसलेमचे सणही चालले होते. हा योगायोग नव्हे. दोन्ही कालगणना चांद्र महिन्यांनी चालतात आणि दोन्ही अधिकमास घालून ऋतूंना धरून राहतात, म्हणून हे जुळते. पंचांग वाचता येणाऱ्या मराठी माणसाला बायबलमधील सणांचे गणित निम्मे आधीच अवगत असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, या विषयाला विशेष औचित्य आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे काम सुरू केले आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघाले. बायबल मराठीत वाचणारा मोठा समाज गावोगावी आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. (नगर शहरालगतचे केडगाव ते हे नव्हे.) लेवीय या पुस्तकाचा तेविसावा अध्याय वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो : हे सण आजच्या दिनदर्शिकेत नेमके कोणत्या तारखेला येतात? येशूला मसीहा मानून हे मूळ सणही पाळणाऱ्या मसीही यहुदी मंडळींना तर हा प्रश्न दर वर्षी सोडवावा लागतो. विसाव्या शतकात ही चळवळ संघटित झाली. १९१५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या हिब्रू ख्रिस्ती संघाने १९७५ मध्ये ‘मसीही यहुदी’ हे नाव धारण केले.

त्या अध्यायात प्रथम साप्ताहिक शब्बाथ सांगितला आहे आणि नंतर वार्षिक सण येतात. पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी वल्हांडण, पंधराव्यापासून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण, त्या काळात पहिल्या पिकाच्या पेंढीचे अर्पण आणि तेथून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण, हा वसंतातील गट होय. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कर्णे वाजवण्याचा दिवस, दहाव्या दिवशी प्रायश्चित्त आणि पंधराव्यापासून मंडपांचा सण, हा शरदातील गट होय. पुरीम आणि मंदिराच्या पुनःसमर्पणाचा हनुक्का या यादीत नाहीत, कारण त्यांचा उगम नंतरचा आहे.

या गणनेत दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजतात. त्यामुळे छापील तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सण लागतो. महिना नव्या चंद्रकोरीने सुरू होतो. महिना कधी एकोणतीस दिवसांचा, तर कधी तीस दिवसांचा असतो. असे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस भरतात, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवस कमी. ही तूट भरून काढली नाही तर काय होते, हे या जिल्ह्याच्या इतिहासातच दिसते. निजामशाहीत चालणारा हिजरी सन शुद्ध चांद्र होता आणि त्याचे महिने सर्व ऋतूंतून फिरत. शेतसाऱ्याला ते सोयीचे नव्हते, म्हणून दख्खनेत सूर्याच्या मृग नक्षत्रप्रवेशापासून मोजला जाणारा शुहूर सन, म्हणजेच मृगसाल, वापरात होता. बायबलमधील सण धर्माचे आहेत आणि पिकांचेही आहेत, म्हणून त्यांना ऋतूशी बांधून ठेवणे अपरिहार्य ठरले.

ही बांधणी प्रारंभी शेतातच होत असे. पहिल्या महिन्याचे प्राचीन नाव ‘आबीब’. या शब्दाचा अर्थ कोश सांगतात, तरी कर्जत-जामखेडच्या शेतकऱ्याला तो अधिक चटकन कळेल. दाणा भरलेला, पण अजून पूर्ण न वाळलेला, विस्तवावर भाजून खाण्याजोगा. ज्वारीच्या कणसाच्या या अवस्थेला आपण हुरडा म्हणतो, आणि आबीब म्हणजे सातूचा हुरडा. सातू या अवस्थेला पोचला असेल तर वल्हांडणाचा महिना लागला. नसेल तर एक महिना अधिक धरायचा. कराई नावाचा यहुदी पंथ ही परंपरा प्रमाण मानतो, आणि मसीही मंडळींतील काही जण आजही इस्राएलमधील सातूची पाहणी व चंद्रकोरीचे प्रत्यक्ष दर्शन यांवरच तारखा ठरवतात.

चंद्रदर्शनाची जुनी रीत मिश्ना या ग्रंथात सविस्तर आली आहे. कोर पाहिलेल्या साक्षीदारांना जेरुसलेममधील एका मोठ्या अंगणात जमवून त्यांची उलटतपासणी होई. लांबून आलेल्यांसाठी तेथे भोजनाचीही व्यवस्था असे. गमलिएल या आचार्यांकडे चंद्राच्या आकारांची चित्रे होती. ती दाखवून ‘असा दिसला की असा?’ असे ते विचारत. निर्णय झाला की डोंगरमाथ्यांवर आगी पेटवून वार्ता कळवली जाई. पुढे विरोधकांनी खोट्या आगी पेटवल्या, तेव्हा निरोपे पाठवावे लागले. निरोप दूरदेशी वेळेत पोचत नसे, म्हणून देशाबाहेरील यहुदी अनेक सण दोन दिवस पाळू लागले. ती प्रथा आजही चालू आहे.

पाहणीची जागा पुढे गणिताने घेतली. परंपरा या बदलाचे श्रेय चौथ्या शतकातील दुसऱ्या हिल्लेलला देते. प्रत्यक्षात नियम अनेक शतके घडत गेले आणि बाराव्या शतकात मायमोनिडीसने ते सुसूत्र मांडले. या गणिताचा पाया म्हणजे एका चांद्रमासाचे सरासरी मान. ते २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग इतके आहे. येथे एका तासाचे १०८० भाग कल्पिलेले आहेत, म्हणजे एका मिनिटात १८ भाग येतात. अमावास्येच्या या सरासरी क्षणाला ‘मोलाद’ म्हणतात. ज्योतिषशास्त्राच्या परिभाषेत ही मध्यम अमावास्या झाली. आपली पंचांगे चंद्रसूर्यांची स्पष्ट स्थिती घेतात, यहुदी दिनदर्शिका मध्यम मानावर चालते. दोन्हींच्या तारखांत दिवस-दोन दिवसांचा फरक पडतो, त्याचे हे एक कारण आहे.

अधिकमासाची रीतही वेगळी आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो आपल्याकडे अधिक ठरतो. यहुदी गणनेत मात्र एकोणीस वर्षांचे चक्र असून त्यातील ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही वर्षे तेरा महिन्यांची असतात. अधिक होतो तो नेहमी अदार महिनाच. एकोणीस सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांत सुमारे दोन तासांचाच फरक आहे. ‘एकोणिसाव्या वर्षी जन्मतिथी आणि जन्मतारीख जुळते’ असे आपल्या घरांतून सांगतात, त्यामागे हेच गणित आहे.

यापुढे येतात वर्षारंभ लांबवण्याचे चार नियम. त्यांतील दोन महत्त्वाचे आहेत. वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे सातव्या महिन्यातील कर्णे वाजवण्याचा दिवस, रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ नये, हा एक. बुधवार आणि शुक्रवार टाळल्याने प्रायश्चित्ताचा उपवास शब्बाथाला लागून येत नाही. मोलाद मध्यान्ही किंवा त्यानंतर पडल्यास वर्षारंभ दुसऱ्या दिवशी धरावा, हा दुसरा. सन ५७८६ चे उदाहरण घ्या. त्या वर्षाचा मोलाद येतो सोमवार, १८ तास १८७ भाग. तास आदल्या संध्याकाळच्या सहापासून मोजले जातात, म्हणून ही वेळ सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांची झाली. मध्यान्ह दहा मिनिटांनी ओलांडली गेली, म्हणून वर्षारंभ मंगळवारी, २३ सप्टेंबर २०२५ रोजी ठरला. प्रायश्चित्ताचा दिवस दसऱ्यालाच आला तो या दहा मिनिटांमुळे. पुढच्या ५७८७ चा मोलाद शुक्रवार, ११ सप्टेंबर २०२६ रोजी रात्री ८ वाजून ५९ मिनिटांना येतो. यहुदी हिशेबाने तो शनिवार झाला. कोणताही नियम आड येत नाही, म्हणून वर्षारंभ शनिवार, १२ सप्टेंबरला.

आणखी एक सुरेख सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. निसान (पूर्वीचा आबीब) ते एलूल या महिन्यांची लांबी कधीच बदलत नाही, म्हणून वल्हांडण सप्ताहाचा पहिला दिवस पुढील वर्षारंभाच्या बरोबर १६३ दिवस आधी येतो. १२ सप्टेंबर २०२६ पासून १६३ दिवस मागे गेले की २ एप्रिल २०२६ मिळतो. ती हनुमान जयंतीची तारीख होती.

मध्यान्हाच्या त्या नियमावरून इतिहासात मोठा वाद झाला आहे. सन ९२१-२२ मध्ये पॅलेस्टाइनच्या आरोन बेन मेइर यांनी मध्यान्हानंतर ६४२ भागांपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस मिनिटांपर्यंत, सवलत असल्याचे प्रतिपादन केले. बॅबिलोनियाच्या बाजूने सादिया गाओन यांनी ते खोडून काढले. तोवर ९२२ मधील वल्हांडण दोन समाजांनी दोन दिवसांच्या अंतराने पाळला होता. बेन मेइरांचे मत टिकले असते, तर १८७ भागांचा अतिरेक माफ होऊन ५७८६ चा वर्षारंभ घटस्थापनेच्या दिवशीच आला असता.

हे सण मराठी मातीत फार जुने आहेत. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, हिब्रू ग्रंथ हाती नसतानाही ते पाळत आले, आणि त्यांची नावेही त्यांनी मराठीच ठेवली. वर्षारंभ हा नव्याचा सण. घराची दारे लावून पाळायचा प्रायश्चित्ताचा दिवस हा दारफाळणीचा सण. मंदिराच्या विनाशाचा शोकदिन हा बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी जेवणात मोड आलेल्या कडधान्याचे बिरडे असे. वल्हांडण हा अनशी ढाकाचा सण होता. आंबट पदार्थाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, यात आंबवलेले वर्ज्य करण्याची मूळ आज्ञाच जिवंत राहिली होती. पुरीमला ते होळीचा सण म्हणत आणि यात गणिताच्या दृष्टीने काहीच चूक नव्हती. २४ मार्च २०२४ रोजी होळी आणि पुरीम एकाच दिवशी आले होते. माझ्या मते ही नावे मराठी भाषेचा मौल्यवान ठेवा आहेत आणि कोशांत त्यांना स्थान मिळाले पाहिजे. पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांशी संबंध दृढ झाला, १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले आणि या समाजाने जगभरच्या यहुद्यांची गणना स्वीकारली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली.

आता मतभेदांकडे वळू. सप्ताहांच्या सणाची गणना ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून’ करावी असे मूळ वचन आहे. परूशी परंपरेने हा शब्बाथ म्हणजे सणाचा पहिला दिवस मानला, तर सदूकी आणि पुढे कराई यांनी शनिवार मानला. २०२६ मध्ये पहिल्या गणनेने हा सण शुक्रवार, २२ मे रोजी आणि दुसरीने रविवार, २४ मे रोजी येतो. ख्रिस्ती मंडळीचा पेंटेकॉस्टही त्याच रविवारी. येशूचे पुनरुत्थान पेंढीच्या अर्पणाच्या दिवशी झाले असे मानणाऱ्या अनेक मसीही उपासकांना ही दुसरी गणना जवळची वाटते. मृत समुद्राकाठी कुम्रान येथे राहणाऱ्या पंथाने तर ३६४ दिवसांचे वर्ष मानले होते. त्यात प्रत्येक सणाचा वार कायमचा ठरलेला असे.

ईस्टरचे गणित याच मुळातून फुटले. आशिया मायनरमधील आरंभीच्या मंडळ्या निसानच्या चौदाव्या दिवशीच हा सण पाळत. सन ३२५ च्या नायसिया परिषदेने यहुदी गणनेवर अवलंबून न राहता सर्वांनी एकाच रविवारी तो पाळावा असे ठरवले. आज २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या, कोष्टकावरून काढलेल्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरला जातो. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेतच येतो. कोष्टकाची पौर्णिमा आणि यहुदी अधिकमास यांचा मेळ काही वर्षी तुटतो. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, वल्हांडण मात्र २३ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशी. उलट भारतीय आणि यहुदी अधिकमासच वेगवेगळ्या वर्षी पडले, म्हणून २०२१ मध्ये वल्हांडण २८ मार्चला, होळीच्या पौर्णिमेला आला.

या पद्धतींतून निवड करायची असेल, तर सामूहिक उपासनेसाठी एकोणीस वर्षांच्या चक्राची स्थिर गणनाच श्रेयस्कर आहे, असे मला वाटते. कोणीही, कोठेही, कागदावर मांडून ती पडताळू शकतो. चंद्रदर्शनाला तसा सार्वत्रिक आधार नाही. नगरचा सूर्यास्त जेरुसलेमच्या सुमारे अडीच तास आधी होतो, आणि तेथे दिसलेली कोर त्याच संध्याकाळी येथे दिसेलच असे नाही. स्थिर गणनाही निर्दोष नाही. तिचे सरासरी वर्ष थोडे लांब असल्यामुळे सण सुमारे दोनशे सोळा वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. नाक्षत्र वर्षावर चालणाऱ्या आपल्या पंचांगात हीच सरक सुमारे एकाहत्तर वर्षांत एक दिवस इतकी आहे.

मंडळीच्या किंवा घरच्या दिनदर्शिकेत हे सण लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती की, तारखेशेजारी आपण वापरलेली पद्धत नोंदवावी आणि सण आदल्या सूर्यास्ताला लागतो हेही लिहावे. २०२७ साठी ही दक्षता विशेष आवश्यक आहे. त्या वर्षी ईस्टर २८ मार्चला येईल, पण ५७८७ हे वर्ष तेरा महिन्यांचे असल्यामुळे वल्हांडणाचे भोजन २१ एप्रिलच्या संध्याकाळी होईल.