बुडालेले पैसे आणि अडकलेले पैसे

तिकीट काढून आपण नाटकाला जातो. पहिल्या अंकातच नाटक रटाळ असल्याचे कळून चुकते. तरीही ‘पैसे मोजले आहेत’ म्हणून शेवटचा पडदा पडेपर्यंत आपण बसून राहतो. अर्थशास्त्रात अशा पैशाला बुडीत खर्च म्हणतात. बसलो काय किंवा उठलो काय, ती रक्कम गेली ती गेलीच. निर्णय करावयाचा तो केवळ उरलेल्या दोन तासांचा.

हॅल आर्क्स व कॅथरीन ब्लूमर या अमेरिकन संशोधकांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात केलेला प्रयोग 1985 साली प्रसिद्ध केला. हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना, त्यांनी न मागताच, किंमत कमी करून देण्यात आली. पूर्ण 15 डॉलर मोजणारे प्रेक्षक हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना हजर राहिले असे आढळले. नाटके सर्वांना तीच होती.

मात्र हातातून गेलेला प्रत्येक पैसा बुडालेलाच असतो असे नाही. नवा मिक्सर पहिल्या आठवड्यात गळू लागला, तर त्याची किंमत बुडीत नव्हे. ती दुकानदाराकडे अडकलेली असते. पण येथेही आपण ‘घेतलाच आहे, तर वापरू’ म्हणतो, फडके गुंडाळून काम भागवतो आणि तक्रारीचे दिवस निघून जातात. दुकानातील ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी या संकोचाला खतपाणीच घालते.

कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या कायद्यानुसार, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अर्थात साडीचा रंग घरी आल्यावर मनातून उतरला, तर तो साडीचा दोष नव्हे. तेथे दुकानदाराच्या सौजन्यावरच विसंबावे लागते.

पूर्वी माणूस आणखी एका कारणाने गप्प बसत असे: परगावी जाऊन भांडायचे कोणी? जबलपूर जिल्ह्यातील मझौलीच्या कुटुंबाने नागपूरहून मिक्सर आणला, तर आता त्याला नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारदार राहतो तेथील, म्हणजे जबलपूरच्या, जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. बिल तेवढे जपून ठेवावे.