न्हाणीघरातला गॅस गीझर

थंडीत मुलांच्या आंघोळी म्हटल्या की न्हाणीघराची खिडकी आपणच घट्ट लावतो, नाही का? आत गॅस गीझर असेल तर तेवढं मात्र करू नका हं! सिलिंडरच्या गॅसला वास असतो, तोही मुद्दाम मिसळलेला. पण कोंदट जागेत ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि मग कडी काढायचंही त्राण उरत नाही.

गीझर बाहेर मोकळ्या जागी बसवून आत फक्त नळ घ्यावा, हे उत्तम. तोवर बादल्या भरा, गीझर बंद करा, खिडकी-दार उघडून हवा खेळू द्या, मगच मुलांना आत पाठवा. पाणी जरा निवेल, निवू दे! गीझरला धुराची नळी असेल तर तिचं तोंड थेट घराबाहेर हवं. अधूनमधून बघत जा, कबुतरांना तिथंच घरटं सुचतं.