आम्लाचा टँकर आणि त्याचा मालक

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसरच्या संत्र्यांच्या ट्रकांबरोबर रसायनांचे टँकरही धावतात. स्वतःचा ट्रक स्वतः चालविणाऱ्यास टँकर घ्यावासा वाटला, तर नवल नाही. मात्र पेटीतील संत्री जागेवर राहतात. द्रव राहत नाही. म्हणून येथे आधी माल ठरवावा व मग टाकी निवडावी.

तीव्र गंधकाम्लास साध्या पोलादाची टाकी चालते. तेच आम्ल पाण्याने पातळ झाले की पोलाद खाऊ लागते. मिठाच्या आम्लास आतून रबराचे अस्तर हवे, आणि ते अस्तर अनेक द्रावकांनी खराब होते. एका मालाची टाकी सहसा दुसऱ्याच्या उपयोगाची नसते. परतीची फेरी रिकामीच पडेल, असे धरूनच भाड्याचा हिशेब मांडावा.

वजनाचाही फसवा भाग आहे. ज्या टाकीत वीस हजार लिटर पाणी वीस टन भरते, तिच्यात तीव्र गंधकाम्ल जवळजवळ सदतीस टन भरेल. म्हणून माल लिटरवर नव्हे, तर काट्यावर मोजून घ्यावा. पण वजनासाठी टाकी अर्धवट ठेवली, तर द्रवास हेलकावे घेण्यास जागा मिळते. सबब जड मालास लहान टाकी योग्य. टाकीतील आडव्या भिंती पुढे-मागे बसणारा धक्का कमी करतात. बाजूचा हेलकावा त्या थांबवीत नाहीत. सिल्लेवानीच्या घाटातील वळणांवर कमी वेग हाच खरा उपाय.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार अशा वाहनावर धोक्याचे चिन्ह व आपत्कालीन माहितीची पाटी लागते. पाटीवर १८३० हा आकडा दिसला, की अग्निशामक दलास गंधकाम्ल ओळखता येते. चालकास वेगळे प्रशिक्षण व परवान्यावर तशी नोंद आवश्यक असते. मालाची लेखी सूचनापत्रिका केबिनमध्ये ठेवून वाचलेली असावी.

सर्वांत मोठा धोका भरलेल्या टाकीत नव्हे, तर रिकाम्या टाकीत असतो. तळाशी उरलेल्या गंधकाम्लात धुण्याचे पाणी मिसळले, की पातळ आम्ल पोलादाशी क्रिया करून हायड्रोजन वायू निर्माण करते. तो दिसत नाही, त्यास वास नाही. वेल्डिंगची एक ठिणगी स्फोटास पुरते. काही रसायनांच्या टाक्यांत श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. आत पडलेल्यास काढण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच कोसळतो. म्हणून हवा तपासल्यावाचून, बाहेर दोर धरणारा माणूस नसताना, कोणीही टाकीत उतरू नये.

पगारी चालकास मालक अडवू शकतो. येथे मालक आणि चालक एकच असतो, आणि कर्जाचा हप्ताही त्याच्याच डोक्यावर असतो. 'आज ही फेरी नको' असे म्हणणारा दुसरा कोणी नसल्यामुळे, ते म्हणण्याचे धैर्यही त्याने स्वतःच बाळगले पाहिजे.