ओटीपोटाची जुनी लागण आणि मुलाची आस

भगिनींनो, पूर्वी ओटीपोटाला जंतूंची लागण झाली असेल आणि आता दिवस राहत नसतील, तर नशिबाला बोल लावू नका, तपासून घ्या. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. शंभरातील ९२ जणींना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासून घेतले होते अवघ्या ८ जणींनी.

पाटात गाळ बसला की पाणी अडते. तशाच लागणीनंतर गर्भनलिका चिकटू शकतात. पण प्रत्येकीच्या चिकटतातच असे नाही. म्हणून वर्षभर वाट पाहू नये. आधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करावी; ती सोपी असते. मग पाळी संपल्यावर थोड्याच दिवसांत, औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढतात. गरज वाटल्यास क्षयाचीही तपासणी होते. नागपुरात डागा स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये दाखवावे. जुने कागद सोबत न्यावेत.

एक इशारा : नळी बिघडलेली असल्यास गर्भ तिथेच अडकू शकतो. पाळी चुकून पोटात एका बाजूला कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि सासूबाईंनी सुनेबरोबर मुलालाही धाडावे.