नऊ घरांचा तक्ता आणि ओळखीची माणसे

मित्रमंडळातील, नाट्यसंस्थेतील किंवा कार्यालयातील माणसांना साहसखेळातील पात्रे मानून, कोण ‘लॉफुल गुड’, कोण ‘केऑटिक न्यूट्रल’, कोण जादूगार आणि कोण एल्फ हे ठरवण्याचा छंद भूमिकाखेळांतून आला. भूमिकाखेळ म्हणजे प्रत्येक खेळाडूने एका कल्पित पात्राची भूमिका घेऊन, फाशांच्या कौलानुसार सर्वांनी मिळून कथा पुढे नेण्याचा खेळ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातील आद्य खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून तो तीन पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. पात्राची नैतिक बाजू सांगणारी ‘अलाइनमेंट’, त्याचा पेशा सांगणारा ‘क्लास’ आणि त्याचे जन्मकूळ सांगणारी ‘रेस’ ही या खेळातील तीन वर्गीकरणे सहसा एका दमात उच्चारली जात असली, तरी जिवंत माणसाला लावताना त्यांची योग्यता सारखी राहत नाही.

अलाइनमेंटचा उगम रणांगणावरचा आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळात छोट्या सैनिक-प्रतिमांनी लढाया खेळल्या जात, आणि त्याच्या अद्भुतविषयक पुरवणीत कोणता प्राणी कोणत्या सैन्यात उभा राहील हे कळावे म्हणून त्यांची विभागणी ‘लॉ’ म्हणजे सुव्यवस्था आणि ‘केऑस’ म्हणजे अनागोंदी अशा पक्षांत केलेली होती. पोल अँडरसन यांची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कादंबरी आणि मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिककथा यांतून ही कल्पना आली होती. म्हणजे आरंभी हा शब्द पक्ष सांगत होता, स्वभाव सांगत नव्हता. फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्स यांनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातील लेखात सुष्ट आणि दुष्ट असा दुसरा अक्ष मांडला, आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये दोन अक्षांच्या छेदातून नऊ घरे पक्की झाली. त्यांच्या एका कोपऱ्यात नियम पाळून इतरांचे भले करणारा ‘लॉफुल गुड’, समोरच्या कोपऱ्यात कोणतेही बंधन न मानता अहित करणारा ‘केऑटिक इव्हिल’, आणि मधोमध कोणत्याच टोकाकडे न झुकणारा ‘ट्रू न्यूट्रल’ असतो. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात भारतीय देवतांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि इंद्र, अग्नी, वरुण यांनाही तेथे अलाइनमेंट दिलेली आहे, यावरून या चौकटीचा आवाका, आणि तिचा धीटपणाही, लक्षात येतो.

लोकप्रिय तक्त्यांतून निसटलेली, परंतु सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये आहे. खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने, म्हणजे डंजन मास्टरने, प्रत्येक पात्राच्या प्रत्यक्ष वागण्याची आलेखावर नोंद ठेवावी आणि ते वागणे जाहीर केलेल्या घरापासून फार ढळले तर घर बदलून त्याची किंमत पात्राकडून वसूल करावी, असा तो नियम आहे. घराचे नाव ही खेळाडूची घोषणा आणि वागणे हा तिचा पुरावा, असा त्याचा अर्थ होतो. मराठी वाचकाला पत्रिकेतील देव, मनुष्य आणि राक्षस हे तीन गण आठवतील, परंतु गण जन्मनक्षत्रावरून ठरतो आणि कोणत्याही सत्कृत्याने बदलत नाही, म्हणूनच विवाह जुळवताना ‘राक्षसगणी’ हा शिक्का ज्या मुलींच्या वाट्याला आला त्यांना तो वागण्याने पुसता आला नाही. सहकाऱ्याला एकदाच एका घरात बसवून तेथेच ठेवणारा तक्ता अलाइनमेंटचा राहत नाही, तो गणाचा होतो.

क्लासचे मात्र मोकळेपणाने स्वागत करावे. १९७४ मध्ये योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक, म्हणजे ‘क्लेरिक’, असे तीनच पेशे होते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने त्यांत व्रतस्थ योद्धा ‘पॅलाडिन’ आणि ‘थीफ’ यांची भर घातली. हा थीफ शब्दशः चोर असला तरी टोळीत त्याचा मान कुलपे उघडणारा आणि सापळे ओळखणारा म्हणून आहे. या रचनेचे सौंदर्य असे की कोणताही पेशा एकटा पुरत नाही, कारण क्लेरिक नसेल तर जखमी योद्धा उभा राहत नाही आणि थीफ नसेल तर जादूगार बंद दारापाशी अडतो. म्हणून भांडणे मिटवणाऱ्या सभासदाला क्लेरिक म्हणणे म्हणजे संस्थेला त्याची गरज आहे हे उघडपणे मान्य करणे होय. इतकी नेमकी दाद आभारप्रदर्शनाच्या भाषणांतही क्वचित मिळते.

रेसची गोष्ट वेगळी आहे. ड्वार्फ, एल्फ आणि हॉबिट ही कुळे टॉल्किन यांच्या साहित्याच्या प्रभावातून आली, आणि हक्कधारकांच्या आक्षेपानंतर हॉबिटचे नाव ‘हाफलिंग’ झाले. १९७४ च्या नियमांत ड्वार्फला योद्धाच व्हावे लागे आणि सहाव्या पायरीपलीकडे चढता येत नसे, हॉबिट चौथ्या पायरीवरच थांबे, आणि मनुष्याला मात्र अशी सीमा नव्हती. जन्मावरून पेशा आणि पेशातील उंची ठरवणारा हा नियम कल्पित जगात निरुपद्रवी वाटतो. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके जातीवरून कामे वाटली, त्या समाजातील वाचकाने ओळखीच्या माणसाला ‘तू जन्माने अमुक’ असे गमतीनेही म्हणू नये. अंगकाठी, वर्ण वा बोली पाहून दिलेले कूळ हे खेळाच्या नावाखाली केलेले हिणवणेच ठरते.

खुद्द खेळानेही याच दिशेने वाटचाल केली आहे. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नऊ अलाइनमेंट कायम आहेत आणि क्लासही आहेत, परंतु ‘रेस’ या शब्दाच्या जागी ‘स्पीशीज’ हा शब्द आला आहे, आणि बळ, चापल्य, बुद्धी अशा गुणांतील वाढ आता पात्राच्या कुळावरून मिळत नाही, तर साहसाला निघण्यापूर्वी त्याने कोणते काम केले यावरून मिळते.