कुंपणातली झाडं, पिंजऱ्यातली झाडं

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणत आपण त्या बिचाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या कमी लेखत आलो. कुंपण दाट असेल, त्यावर किडे असतील आणि पहाटे दव पडत असेल, तर सरड्यानं त्यापलीकडे कशाला जावं, हे काही कुणी त्याला विचारलं नाही. परदेशात आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही शॅमेलिऑन जातीचे सरडे हौसेनं पाळले जातात. त्यांच्या पिंजऱ्यात कोणती जिवंत झाडं लावावीत, कोणती टाळावीत, यावर पाळणाऱ्यांमध्ये अखंड खल चालतो. तो खल ऐकताना मला वारंवार सावरगावचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, आठवतात. पिंजऱ्यात जे चार फुटांत उभारायची धडपड चालते, ते इथे वावराच्या कडेला आपसूक उभं असायचं.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन्ही नावं वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत येतात. पुढे वर्षभर हा भाग संत्र्याचे बगीचे, कापूस आणि तूर यांत गुंतलेला असतो. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर तालुका त्यात आला. राज्य मध्य प्रदेश, पण घरात, बाजारात आणि भांडणात भाषा मराठी. विदर्भ आणि सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा भारतीय शॅमेलिऑनच्या मुलखातलाच. मराठी पुस्तकांत त्याला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हटलेलं सापडतं. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करात. भारताच्या वाट्याला मात्र ही एकच आली.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घोयरा पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार त्याला पकडणं, घरी ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. धुऱ्यावर सापडलेला घोयरा पोरांनी खोक्यात घालून घरी आणला, तरी तो कायदा मोडल्यातच जमा. येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑन किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन या परदेशी जातींची गोष्ट वेगळी. त्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. याच अधिनियमाच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनंतर अशा प्राण्यांची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. पावती नाही, नोंद नाही आणि दुकानदार म्हणतो ‘काही होत नाही’, अशा ठिकाणी पैसे काढू नयेत. कायदेशीर मार्गानं आणलेला परदेशी शॅमेलिऑन पुण्यात, बंगळुरात किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात असेल, तर पुढचं त्याच्यासाठी.

झाड हवंच कशाला, प्लॅस्टिकची वेल का नको? याचं पहिलं उत्तर पाणी. शॅमेलिऑनपुढे वाटीभर पाणी ठेवलं तर बहुतेक वेळा त्याला ते दिसतच नाही. साचलेलं पाणी हे पाणी आहे, अशी त्याची समजूतच नाही. पानावर थरथरणारा, चमकणारा थेंब दिसला की तो जीभ लावतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पिंजऱ्यात फवारा मारावा लागतो आणि तो फवारा धरून ठेवणारी पानं लागतात. जिवंत पान ओलावा सावकाश सोडतं, आसपासची हवा थोडी गार ठेवतं. दुसरं कारण भीती. हा प्राणी पळून जीव वाचवणारा नाही. न दिसणं हाच त्याचा बचाव. चारी बाजूंनी उघड्या पिंजऱ्यात तो सतत ताणाखाली राहतो, खाणं सोडतो, काळवंडतो. तिसरं कारण पाय. त्याची बोटं दोन गटांत जुळलेली असतात. पुढच्या पायात आत तीन, बाहेर दोन. मागच्या पायात नेमकं उलट. हा चिमटा सपाट फरशीसाठी नाही, फांदीसाठी आहे. फांद्या जाड-बारीक अशा मिसळून हव्यात, पेन्सिलीएवढ्यापासून अंगठ्याएवढ्यापर्यंत, आणि काही आडव्या. रात्री तो अनेकदा टोकाच्या बारीक फांदीवर झोपतो. शिकारी आला तर फांदी हलते आणि जाग येते, असा त्यामागचा तर्क दिला जातो.

आता झाडं. पाळणाऱ्यांच्या यादीत पहिल्या पाचांत ज्यांची नावं येतात, ती बहुतेक आपल्या अंगणातली आहेत, याची मला मोठी गंमत वाटते. जास्वंद घ्या. पान खाल्लं तरी चालतं, फूल तर व्हेल्ड शॅमेलिऑन आवडीनं खातो. हा येमेनी गडी इतरांपेक्षा जास्त शाकाहारी, पिंजऱ्यातली पानं कुरतडतोच. म्हणून त्याच्यासाठी जास्वंदीसारखं निर्धोक झाड सगळ्यांत बरं. अडचण इतकीच की जास्वंदीला ऊन लागतं. खोलीच्या कोपऱ्यात ती पानं टाकते आणि पिठ्या ढेकूण तिच्यावर हमखास बसतो. मनीप्लांटला ऊन लागत नाही, पाण्यातही जगतो, पान रुंद असल्यानं थेंब छान धरतो. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू नीट शिजला नाही की घसा खवखवतो, तो याच स्फटिकांमुळे. कुत्र्या-मांजरांसाठी मनीप्लांट विषारी यादीत आहे. तरीही वर्षानुवर्षं शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यांत तोच सर्वाधिक लावला जातो आणि पानं कुरतडूनही मोठा अपाय झाल्याच्या नोंदी फारशा नाहीत. माझं मत विचाराल तर पानं न खाणाऱ्या पँथरसाठी मनीप्लांट बिनधास्त. कुरतड्या व्हेल्डसाठी जास्वंद आधी, मनीप्लांट मागून.

वीपिंग फिग म्हणून नर्सरीत मिळणारं फायकस हे आपल्या वडा-उंबराच्या गोतातलं. फांद्या उत्तम, गर्दी दाट. पान तोडलं की चीक येतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नये. जागा बदलली की हे झाड रुसून पानं गाळतं, तेव्हा घाबरून फेकून देऊ नये, महिनाभरात फुटतं. स्पायडर प्लांट हे क्लोरोफायटम, आपल्या सफेद मुसळीचं चुलत भावंड. निर्धोक, पण गवतासारखं असल्यानं चढायच्या कामाचं नाही, तळ झाकायला चांगलं. तुळस निर्धोक असली तरी काटकी कमजोर. कुंडीतलं संत्रं किंवा लिंबूही काही जण वापरतात. संत्र्याचं झाड बाराही महिने हिरवं, आतून दाट आणि फाट्याफाट्यांचं; काटे फार नसलेलं कलम निवडलं की झालं.

टाळायच्या झाडांत कण्हेर आणि पिवळी कण्हेर सर्वांत वर. दोन्हींत हृदयावर काम करणारी विषं असतात आणि ती पानापासून बीपर्यंत सगळीकडे. रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, शेर आणि त्याचे चिकाळ भाऊबंद, शोभेचा डिफेनबॅकिया, सदाफुली हीही नकोतच. आपण खातो ते सरड्याला चालतं, या हिशेबानंही जाऊ नये. टोमॅटो आपण रोज खातो, त्याची पानं नव्हेत. आणि अ‍ॅव्होकॅडोचं फळ माणसाला चालतं, त्याचं झाड अनेक प्राण्यांना घातक आहे.

या याद्यांबद्दल एक तक्रार मात्र आहे. त्यातल्या बऱ्याच याद्या कुत्रा, मांजर आणि घोडा यांच्यासाठी केलेल्या विषारी वनस्पतींच्या नोंदींवरून उचललेल्या असतात. अमेरिकेतल्या एएसपीसीएची प्रसिद्ध यादी याच तीन प्राण्यांची आहे. सरड्याचं पोट म्हणजे घोड्याचं पोट नव्हे. शिवाय सरडा पान खाण्यापेक्षा पान खाणारा किडा जास्त खातो आणि विष याच वाटेनं येतं. सावरगावच्या पडीत रुईवर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा टोळ बसलेला असतो. तो रुईचं विष पचवून अंगात साठवतो आणि डिवचला तर पिचकारी मारतो. त्याचे रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच. रानातला घोयरा ती पाटी वाचत असावा; पिंजऱ्यातल्या सरड्यापुढे आपण हातानं टोळ धरला तर तो ती वाचेलच असं नाही. अमेरिकेत पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्यांना काजवे खायला मिळाले आणि ते दगावले, अशा पशुवैद्यकीय नोंदी आहेत. तिथल्या काजव्यांत बेडकाच्या विषासारखी द्रव्यं असतात. तेव्हा रानातून खाद्य गोळा करणाऱ्यानं किडा कोणत्या झाडावरून उचलला, हे पाहूनच पुढे करावा.

आणि झाड कोणतं, याहून मोठा प्रश्न त्यावर काय मारलं आहे, हा. संत्रा पिकवणाऱ्याला हे सांगायला नको. काळ्या माशीच्या पिलांनी चिकटा सोडला की त्यावर काळी बुरशी चढते. शेतकरी त्याला कोळशी म्हणतो आणि कोळशी दिसली की फवारणी होते. सिला, मावा, पानं खाणारी अळी यांच्यासाठी पुन्हा पंप खांद्यावर. यातली इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे पानावर राहत नाहीत, झाडाच्या रसात उतरतात. पान धुतलं तरी ती जात नाहीत. नर्सरीतली शोभेची झाडंही अशाच औषधांवर गुटगुटीत झालेली असतात, कारण किडा लागलेलं झाड गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून नर्सरीतून आणलेलं चमकतं झाड त्याच दिवशी पिंजऱ्यात ठेवणं हा सगळ्यात मोठा धोका. शक्य तर अंगणातल्या, माहितीतल्या झाडाचं कलम घ्यावं. विकत घेतलं तर जुनी माती पूर्ण झाडून साध्या मातीत लावावं, पानं दोन्ही बाजूंनी धुवावीत आणि निदान दोन-तीन महिने, नवी पालवी येईपर्यंत, बाहेर ठेवावं. खोडात जिरलेलं औषध त्याहून जास्त टिकू शकतं, तेव्हा घाई न केलेली बरी. कुंडीतल्या मातीत खताच्या रंगीत गोळ्या किंवा पांढरे हलके मणी असतील तर काढून टाकावेत. किड्यावर नेम धरताना जिभेला तेही चिकटतात आणि पोटात अडकतात. माती वर दिसू नये म्हणून सरड्याच्या डोक्याहून मोठे गुळगुळीत गोटे पसरले की झालं. गोटे निवडायला जाम नदीकाठच्या माणसाला कुणी शिकवावं असं नाही.

कुंडीबद्दल आणखी थोडं. मादी पाळली असेल तर तिला खोल, ओलसर वाळूमातीची जागा लागते. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी तयार करते आणि घालायला जागा मिळाली नाही तर आतल्या आत अडून मरते. झाडाच्या मोठ्या कुंडीतच पुरेशी खोली ठेवली तर एका कुंडीत दोन कामं होतात. पिंजरा जाळीचा असावा. बंद काचेत फवारे मारून सतत दमट ठेवलं तर श्वसनाचे आजार जडतात. उलट विदर्भातल्या मे महिन्यात जाळीचा पिंजरा तासाभरात कोरडा ठाक होतो, तिथे रुंद पानांच्या झाडांना पर्याय नाही. हाडं मजबूत राहायला अतिनील दिवा लागतोच. पण झाड इतकं वाढू देऊ नये की दिव्याचा प्रकाश सरड्यापर्यंत पोचणारच नाही. पाळण्याचा कंटाळा आला म्हणून प्राणी बाहेर सोडण्याचा विचार तर मनातही आणू नये. 1972 साली हवाई बेटांवर केनियाचे जॅक्सन शॅमेलिऑन सुटले, ते आजही तिथल्या गोगलगायी आणि किडे फस्त करत आहेत.

आता पुन्हा धुऱ्यावर येऊ. घोयरा पाळता येत नाही, पण त्याच्यासाठी झाडं लावता येतात, आणि सावरगावच्या माणसाच्या हातात खरं तर हेच आहे. गंमत अशी की इथे विषारी-निर्विषारीची यादी उलटीपालटी होते. घोयरा किडे खातो, त्याला पानाच्या विषाशी फारसं कर्तव्य नाही. जनावरांच्या यकृताला घातक घाणेरी त्याला आडोसा म्हणून चालून जाते. बोर, बाभूळ, निंब, हिवर, मेंदी, त्यावर चढलेल्या रानवेली, हे सगळं त्याच्या कामाचं. एकटा पळस पुरत नाही. ऐन फुलात येतो तेव्हा तो पानाविना उघडा पडतो. म्हणून पळसाशेजारी निंब किंवा करंज असा वर्षाचा बहुतेक काळ हिरवा राहणारा जोडीदार हवा. सलग असणं मात्र सगळ्यांत महत्त्वाचं. फांदीवरून फांदीवर डुलत जाणारा हा प्राणी जमिनीवर उतरला की लंगडा. काटेरी कुंपण काढून तार ओढली, धुऱ्यावर तणनाशक मारलं की दोन झाडांमधलं अंतर त्याला पायी तोडावं लागतं. मग कुत्रं आहे, रस्ता आहे, ट्रॅक्टर आहे, आणि सरडा विषारी असतो असं मानून दगड उचलणारा माणूस आहे. घोयऱ्याला विष नाही. फुगतो, फुस्कारतो, फार तर चावतो, इतकंच.

बगिच्याच्या एका कडेची दोन-चार झाडं बिनफवारणीची सोडणं कुणाही शेतकऱ्याला परवडेल. तिथे कोळशी येईल, फळ थोडं कमी भरेल. घोयऱ्याला मात्र तिथे बिनविषारी किडा मिळेल. रस्त्यावर घोयरा दिसला तर एखादी फांदी त्याच्यापुढे धरायची, तो स्वतःच चढतो. तो ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूच्या जवळच्या दाट झाडावर फांदी टेकवायची. नुकतीच फवारणी झालेला बगीचा असेल तर तो सोडून पुढचं झाड बघायचं. जखमी असेल तर वनविभागाला कळवायचं. आणि फोटो काढायचाच असेल तर फ्लॅश बंद ठेवून, लांबून.